चार बोटं आणि एक अंगठा

त्या रविवारी दुपारी ती सोसायटीच्या गेटात स्टूल टाकून बसली होती. मांडीवर प्रुफांचा गठ्ठा, उजव्या हातात लाल पेन आणि डाव्या हातात पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक. दुसरं टोक वीस पावलांवर तिच्या वडिलांकडे होतं. वडील रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून नळीत असे बघत होते, की जाणाऱ्याला वाटावं, माणूस त्यात स्वतःचं भविष्य शोधतोय.

नळीची ही युक्ती गवंड्यांना ठाऊक असते. तिच्या वडिलांनाही होती, कारण त्यांचा जन्म सांडपाण्याच्या खात्यात नकाशे काढण्यात गेला होता. लांब नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन जागी उभी धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येऊन थांबतं, आणि कुठली जागा उंच, कुठली सखल ते दिसतं. "माणूस खोटं बोलेल, नकाशा खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही," हे वडिलांचं लाडकं वाक्य. अट एकच. नळीची दोन्ही तोंडं उघडी हवीत. एक जरी बंद झालं तर पाणी अडून बसतं आणि बेलाशक खोटं बोलतं.

तिच्या हातातलं तोंड बंद होतं. त्यावर तिचा अंगठा होता.

त्याला कारणही होतं. ती मुद्रितशोधक होती, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून पोट भरणारी. मांडीवर एका निवृत्त न्यायाधीशाचं आत्मचरित्र होतं आणि ते सोमवारी सकाळी छापखान्यात जायचं होतं. नळी जरा कलली की पाण्याचा थेंब न्यायाधीशाच्या बालपणावर पडायचा. दोन थेंब पडल्यावर तिचा अंगठा तिला न विचारता नळीवर जाऊन बसला. एरवी नळी आई धरायची, पण त्या दिवशी आईच्या गुडघ्यांनी संप केला होता.

"पाणी लाल खुणेवर आहे ना?" वडिलांनी तिकडून विचारलं.

"आहे, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. आणि पाणी खरोखरच लाल खुणेवर होतं. दुसरीकडे कुठे जाणार?

वडिलांनी पट्टी लावली. काढली. चष्मा पुसला, परत लावली. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी चार वेळा मोजलं होतं, आणि चारही वेळा रस्त्याची ती कड गेटच्या उंबऱ्यापेक्षा चार बोटं खाली भरली होती. आज ती चार बोटं वर भरत होती. त्यांनी खिशातून वही काढून पेन्सिलीने लिहिलं, 'तपासणी पाचवी. कड गेटपेक्षा चार बोटं वर. चूक कुठे?' मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि तिच्याजवळून आत जाताना हसून म्हणाले, "वय झालं गं. आता पाणीसुद्धा माझं ऐकेनासं झालं."

ते जिन्याच्या वळणापर्यंत पोचले असतील, तेव्हा तिने पान उलटायला अंगठा उचलला. नळीतलं पाणी सर्रकन हललं. तिने नळीकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. हाक मारायला तोंड उघडलंही. पण न्यायाधीश एकशेबाराव्या पानावर ऐन निकाल देत होते, त्यात तीन चुका होत्या, आणि वडील वर गेले होते. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उठलेच नाहीत.

माणसं आली, बसली, गेली. भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. खड्डा तेवढा राहिला.

खड्डा सोसायटीच्या भिंतीबाहेरच्या पट्ट्यावर होता. भिंत आणि रस्ता यांच्यामधला हा पट्टा नगरपालिकेचा, त्याची निगा सोसायटीची, त्यामुळे त्यावरच्या कचऱ्याला कुणीच वाली नव्हता. पाऊस मोठा झाला की रस्त्याचं पाणी पट्ट्याच्या कडेच्या बुटक्या कठड्याला धरून वाहत यायचं, गेटाचा उंबरा ओलांडायचं आणि तळमजल्याच्या काकूंच्या घरात पाहुण्यासारखं आठवडाभर राहायचं. वडिलांचं म्हणणं असं, की पाणी गेटाशी पोचण्याआधी त्याला दुसरं घर दाखवा. पट्ट्यात खड्डा करा, तळाशी खडी, वर वाळू, त्यावर भुसभुशीत माती, आणि मातीत ओल सोसणारी, खोल मुळांची झाडं. मग कठड्याला एक खाच पाडा. कड चार बोटं खाली आहे, म्हणजे पाणी उंबरा चढण्याआधी खाचेतून आत जाईल आणि दिवसभरात जमिनीत जिरेल. "गटार पाण्याला हाकलतं, माती त्याला ये बस म्हणते," असं ते सांगत. ऐकणारे मान डोलवत आणि पुढच्या वेळी जिन्यात ते दिसले की परत फिरत.

सहा पावलं लांब, दोन पावलं रुंद, गुडघाभर खोल. एवढं त्यांनी एकट्याने खणलं होतं. भेटायला येणारे लोक आधी फोटोकडे बघत, मग खिडकीबाहेर बघत, आणि आवाज खाली आणून विचारत, "मग आता त्या खड्ड्याचं काय?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या मते त्यात मासे सोडावेत. त्यांच्या पत्नीच्या मते मासे सोडले तर मांजरं येतील. तिसऱ्या मजल्यावर पायाला ओल धरून इमारत कलण्याची शक्यता वर्तवण्यात आली, आणि संध्याकाळपर्यंत एकदोघांना ती कललेली जाणवूही लागली. तळमजल्याच्या काकूंचा मुद्दा डासांचा होता.

"अगं, पाणी साचणार म्हणजे डास होणार."

"काकू, डास व्हायला आठवडा लागतो. हे पाणी एका दिवसात जाणार."

"डासांना सांग ते. आणि तुझे वडील माझ्यासमोर या खड्ड्याचं कौतुक सांगायचे, पण माझ्या घरात पाणी शिरलं की ते पट्टी घेऊन यायचे. मदतीला नाही गं, मोजायला." हे बोलता बोलता काकूंनी डोळ्यांना पदर लावला, त्यामुळे हा आरोप की आठवण, ते तिला ठरवता येईना.

आई एवढंच म्हणाली, "अर्धवट काम त्यांना कधी आवडलं नाही." आणि वडिलांचे चिखलाचे बूट तिने दाराशी होते तसेच ठेवले. त्यावरून ये-जा करणारे सगळे अडखळायचे, पण कुणी ते हलवायला धजलं नाही.

खड्डा पुरा करायचा, असं तिने ठरवलं. फावड्याशी आतापर्यंत तिचा संबंध फक्त पुस्तकांतून आला होता. पहिल्या दिवशी तिने दीड घमेलं माती काढली आणि दोन दिवस पेन धरता आलं नाही.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी विषय घेतला. सेक्रेटरी म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. धोका पत्करायचा नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांच्याकडे नवीनच दुसरी गाडी आली होती आणि तिला उभं राहायला जागा नव्हती. पट्ट्यावर काँक्रीट टाकलं तर ती छान मावेल, असं त्यांनी जिन्यात, गच्चीवर आणि एकदा भेटीला आले असतानाही बोलून दाखवलं होतं.

"ताई, आम्हाला तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. त्यांनी हे म्हटलं की पुढे वाईट बातमी असते, हे सगळ्या सभासदांना ठाऊक होतं. "पण हा खड्डा चुकीच्या जागी आहे. हे मी म्हणत नाही. तुमचे वडीलच म्हणतात." आणि त्यांनी वहीच्या शेवटच्या पानाची छायाप्रत काढली. चौकशीला आले तेव्हा त्यांनी वही 'बघायला' नेली होती. "कड गेटपेक्षा चार बोटं वर. म्हणजे पाणी आधी गेटात शिरणार, मग खड्ड्यात. हा त्यांचा शेवटचा शब्द."

"त्याच्या आधीची चार मापं बघा ना," ती म्हणाली. "शिवाय मी काल परत मोजलंय. नळी खांबाला बांधून. चार बोटं खाली आहे."

"ताई, तुम्ही मापाच्या माणूस की शब्दांच्या? एकीकडे चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं माप, दुसरीकडे तुमचं. सभेने कुणाचं धरायचं?"

वडील हयात असताना सेक्रेटरींनी त्यांचं एकही माप धरलं नव्हतं. आठ महिने ते त्यांना 'पाणीवाले' म्हणत होते, तेही ते निघून गेल्यावर. आता मात्र त्यांच्या शेवटच्या शब्दाला प्राणपणाने जपायला सेक्रेटरी उभे होते. गेलेल्या माणसाचा एक मोठा फायदा असतो, तो उलट बोलत नाही.

एका वाक्यात हे मिटलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. जे वडिलांना सांगायचं राहिलं, ते आधी सेक्रेटरींना कसं सांगणार? आणि तेही विषय क्रमांक पाच खाली, इतिवृत्तात नोंद होऊन? ती म्हणाली, "एक मोठा पाऊस होऊ दे. पाणी गेटात शिरलं, किंवा दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उरलं, तर तुम्ही खुशाल काँक्रीट टाका. मी स्वतः पाणी मारीन त्याच्यावर."

ठराव झाला. सेक्रेटरींनी तो इतक्या तत्परतेने लिहून घेतला, की शाई वाळायच्या आत त्यांनी पट्ट्याची लांबी गाडीच्या लांबीशी ताडून पाहिली.

आता उरली खाच. कठडा नगरपालिकेचा, म्हणून ती नगरपालिकेत गेली. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर सांगण्यात आलं, की नळाचं पाणी त्यांचं, आकाशातलं त्यांच्याकडे येत नाही. उद्यान विभाग म्हणाला, झाडं लावायला आमची हरकत नाही, फक्त आधी तो खड्डा भरून घ्या. सांडपाण्याच्या खात्यात, वडिलांच्याच जुन्या खात्यात, एका कारकुनाला त्यांचा आठ महिन्यांपूर्वीचा अर्ज सापडला. त्यावर शेरा होता, 'पातळीची पाचवी तपासणी सादर करावी.'

पाचवी तपासणी कशासाठी चालली होती, ते तिला आत्ता कळलं.

"अर्जदार कुठायत?" कारकुनाने विचारलं.

"गेले."

"जेवायला?"

"वारले."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "अरेरे. फार सज्जन माणूस. मी नवीन होतो तेव्हा मला पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते त्यांनी शिकवलं." तो हे मनापासून म्हणाला आणि पेन परत उचलून तितक्याच मनापासून पुढे म्हणाला, "पण तपासणीवर सही त्यांचीच लागेल."

"मी त्यांची मुलगी आहे. वारस म्हणून चालणार नाही?"

"घराला वारस लागतो, शेताला लागतो. खड्ड्याला वारस लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही असं करा, रस्ते विभागात जा. खड्डा हा विषय त्यांच्याकडे येतो."

दिवसभरात 'येतो' हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता. त्या आनंदात ती रस्ते विभागात गेली आणि तिथल्या बाईंनी पुढे सरकवलेला छापील तक्ता तिने भरला. इथे तिचा धंदा तिच्या मुळावर आला. दुसऱ्या कुणी 'गेटाजवळ, मोठा' एवढंच खरडलं असतं. तिने लांबी लिहिली, रुंदी लिहिली, खोली चारही कोपऱ्यांत वेगवेगळी लिहिली, जवळची खूण लिहिली आणि छापील मजकुरातल्या दोन चुकाही जाता जाता दुरुस्त केल्या. तक्त्याच्या वरच्या बाजूला 'खड्डे बुजवण्याबाबत तक्रार' असं जे लिहिलेलं होतं, त्याचं शुद्धलेखन बरोबर असल्यामुळे तिथे तिची नजर थांबली नाही.

त्या शहरात रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे वाढदिवस व्हायचे. शाळेजवळच्या एका खड्ड्यात तर कुणीतरी केळीचं रोप लावलं होतं आणि त्याला घड धरला होता. पण कोपऱ्यांच्या खोलीसकट आलेली तक्रार त्या विभागाने पूर्वी पाहिलेली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन खिडकीशी आली, तेव्हा खाली ट्रक उभा होता आणि तिच्या वडिलांच्या आठ महिन्यांच्या खड्ड्यात खडी ओतली जात होती.

ती जिना उतरली ती वडिलांचे बूट पायात अडकवून, कारण दाराशी तेच आडवे आले.

"थांबवा, थांबवा, काय करताय तुम्ही?"

मुकादमाने कागद दाखवला. मुकादम म्हणजे घामेजलेला, शांत माणूस. नागरिकांनी आपल्यावर ओरडावं याची त्याला सवय होती, पण ते काम न केल्याबद्दल. "ताई, तुमचीच तक्रार आहे. हे बघा, सहा पावलं बाय दोन. आम्ही बुजवतोय. आता काय झालं?"

"तो बुजवायचा नव्हता. तो करायचा होता."

"करायचा?" मुकादमाने टोपी काढली. "वीस वर्षं झाली मला या खात्यात. करायचा खड्डा मी पहिल्यांदा बघतोय."

मग तिथे, ट्रकच्या चाकाशी, तिने त्याला सगळं सांगितलं. पाणी, खडी, वाळू, माती, मुळं. काकू दारात येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. जे जे तिच्याकडून राहत होतं ते काकू पुरवत होत्या, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की वडिलांचं बोलणं या बाईंना शब्दन्‌ शब्द पाठ आहे.

मुकादमाने खड्ड्यात डोकावून पाहिलं. "म्हणजे तळाला खडी लागणारच होती?"

"लागणारच होती," काकू म्हणाल्या. "आठ महिने हिचा बाप त्या सेक्रेटरीकडे खडी मागत होता. तुम्ही न मागता आणून ओतलीत."

"मग बिघडलं काय? वरची जास्तीची काढून देतो, खालची राहू द्या. पण ताई, एक आहे. उद्या डांबराची गाडी येणार, ती माझ्या हातात नाही. तक्रार बंद झाली तरच ती थांबेल. तुम्ही लिहून द्या, की खड्डा समाधानकारक बुजलेला आहे."

आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या मजकुरातलं असत्य नसलं तरी अशुद्ध तरी सोडलं नव्हतं. तिने रिकाम्या सिमेंटच्या पोत्यावर कागद ठेवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खड्डा पूर्णपणे समाधानकारक आहे.' 'बुजलेला' हा शब्द तिने गाळला. त्यामुळे वाक्य खरं राहिलं आणि मुकादमाच्या ते लक्षात आलं नाही.

ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने आरशात पाहिलं की नाही, हा प्रश्न पुढे बरेच दिवस चर्चेत होता. धाड असा आवाज झाला आणि कठड्याचा हातभर तुकडा निखळून पडला. सगळे खाली उतरून बघायला लागले. तुकडा बरोबर तिथून निघाला होता जिथे वडिलांनी खडूने दोन रेघा मारल्या होत्या. उजवीकडची रेघ दोन इंच हुकली होती, एवढंच.

"आता हे दुरुस्त करायला हवं," ती कासावीस होऊन म्हणाली. सरकारी कठडा आपल्यामुळे फुटला होता, आणि तो तुकडा ती परत जागच्या जागी बसवायला बघत होती.

मुकादमाने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. "ताई, कठडा दुरुस्तीची यादी वेगळी. मी आज नाव घातलं तरी तीन वर्षं इकडे कुणी फिरकत नाही. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती. मोडलं ते मोडलं, त्याला परवानगी लागत नाही."

वाळू मुकादमानेच दुसऱ्या एका कामावरून 'उरलेली' आणून टाकली. माती तिने घातली. झाडं सोसायटीने दिली, म्हणजे ज्यांना आपापल्या कुंड्यांतली झाडं नकोशी झाली होती त्यांनी ती रोज एकेक करून खड्ड्याशी आणून सोडली. केळ, कर्दळ, गवती चहा, आणि एक कुणालाच न ओळखू येणारं झुडूप, जे सर्वांत जोमाने वाढलं. काकू रोज भांडी घासल्यावरची शेवटची बादली त्यात ओतून घड्याळ लावून बसू लागल्या. "डासांवर लक्ष ठेवतेय," असं त्या सांगत, पण बादली जिरली की वर हाक मारून मिनिटं कळवत.

मोठा पाऊस आला तो एका शनिवारी दुपारी तीन वाजता. त्या आधीच्या बारीकसारीक सरी सेक्रेटरींनी 'ग्राह्य नाही' म्हणून फेटाळल्या होत्या. हा मात्र कुणाला फेटाळता येण्यासारखा नव्हता. पंधरा मिनिटांत रस्ता दिसेनासा झाला. सगळी सोसायटी छत्र्या घेऊन गेटाशी जमली. सेक्रेटरी मनगटी घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मधोमध उभे होते. आई तिसऱ्या पायरीवर खुर्ची टाकून बसली होती, गुडघ्यांसकट.

पाणी कठड्याला धरून आलं, साचलं, आणि चढायला लागलं. आता सगळा निवाडा चार बोटांचा होता. खाच आधी की उंबरा आधी, एवढंच बघायचं होतं. पाणी खाचेपर्यंत आलं. पाणी खाचेच्या वर गेलं, आणि आत शिरलंच नाही.

ते चढतच राहिलं. उंबऱ्याला तीन बोटं उरली, मग दोन.

"चार बोटं वर," सेक्रेटरी हळहळत म्हणाले. हळहळ खरी असावी, पण हळहळता हळहळता त्यांची नजर पट्ट्याच्या लांबीवरून एकदा फिरून आली. "शेवटी जुना माणूस. जाता जाता बरोबर लिहून गेले."

ती जागची हलली नाही. तिला एवढंच दिसत होतं, की वहीतलं ते खोटं पान आता खरं ठरणार, आणि वडील कायमचे चुकीच्या बाजूने बरोबर राहणार.

तेवढ्यात काकू साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरल्या. हातात केरसुणी. त्यांनी केरसुणीचा दांडा खाचेत खुपसला, जोर लावून उचकटला, आणि काळंकुट्ट, चौकोनी काहीतरी वर काढून सगळ्यांना दाखवलं. "हे कुणाच्या गाडीतलं पायपुसणं?"

सेक्रेटरींनी ते सकाळी भिंतीवर वाळत घातलं होतं.

त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण पाणी खाचेतून आत जायला लागलं. आधी घोट घोट, मग घटाघटा. उंबऱ्याची दोन बोटं परत तीन झाली, तिनाची चार झाली. कर्दळ कंबरेपर्यंत बुडाली, ते नाव नसलेलं झुडूप डुलायला लागलं. पाऊस तासभर कोसळत राहिला आणि गेटाचा उंबरा कोरडा, म्हणजे फक्त वरून भिजलेला राहिला. काकू घरात गेल्या आणि दरवर्षी विटांवर चढवून ठेवलेला पलंग त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांना बोलावून खाली उतरवून घेतला. सभासदांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मग छत्र्या हातात असल्यामुळे ज्यांना टाळ्या वाजवता येत नव्हत्या त्यांनी छत्र्या मिटल्या.

"अजून दुसरी अट आहे," भिजत उभे असलेले सेक्रेटरी म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता खड्ड्यात पाण्याचा थेंब नव्हता. ओली काळी माती होती, झाडं होती, आणि मधोमध काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. एकही डास आढळला नाही, असं त्यांनी अधिकृतपणे जाहीर केलं. मुकादम रविवार असूनही आला होता. शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरीही आले होते, आणि त्यातल्या एकाने तर मुकादमाला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांचा कठडा केव्हा मोडून मिळेल.

आता सेक्रेटरींच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हरल्यावर तो माणूस विजयाच्या समारंभाचा यजमान होऊ शकत असे, आणि ही कला सगळ्यांना नसते. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की खड्ड्यापाशी सोसायटीतर्फे एक फलक लागेल. मजकूर त्यांनी पहाटे उठून लिहिला होता. "ताई, तुमचा हा विषय. एकदा नजर घाला, मग रंगाऱ्याकडे देतो."

तिने कागद घेतला आणि सवयीने पर्समधलं लाल पेन काढलं. मजकूर असा होता: 'ही बाग आमचे दिवंगत सभासद, सांडपाणी खात्यातील निवृत्त आरेखक यांच्या कल्पनेतून साकारली. वयोमानामुळे त्यांच्या अखेरच्या मोजमापात चूक झाली असली, तरी ती पोटात घालून सोसायटीने हे कार्य तडीस नेले.'

शुद्धलेखन निर्दोष होतं. विरामचिन्हं जागच्या जागी होती. पेन बराच वेळ कागदावर नुसतंच धरलेलं राहिलं. आई पायरीवरून तिच्याकडे बघत होती.

"यात एक चूक आहे," ती म्हणाली.

"ऱ्हस्व-दीर्घाची?" सेक्रेटरींनी चष्मा पुढे सरकवला.

"नाही. दुसऱ्या वाक्यात." तिने 'वयोमानामुळे' या शब्दावर लाल रेघ मारली आणि समासात काय लिहायचं ते तिला सुचेना. तिला जन्मात पहिल्यांदाच समास अपुरा वाटला. तिने पेनाला टोपण घातलं.

"ते पाचवं माप त्यांचं चुकलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज वर चढला नाही, पण मागे उभ्या असलेल्या मुकादमानेही टोपी काढली. "नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. प्रुफांवर पाणी सांडायला नको म्हणून मी त्यावर अंगठा ठेवला होता. ते म्हणाले, वय झालं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी बोलले नाही. एकशेबारावं पान संपवत बसले."

काकूंनी खुर्चीवरून उठून तिला वाट करून दिली, जणू तिला आत कुठेतरी जायचं होतं. ती खड्ड्याच्या काठाशी गेली. पायात वडिलांचेच बूट होते, आणि ते कालपासून तिने काढले नव्हते. ओल्या मातीत त्यांचे ठसे उमटत होते. ती गुडघ्यांवर बसली, अगदी ते बसत तशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण सगळ्यांना उद्देशून नव्हे, म्हणाली,

"बाबा, पाणी तुमचं ऐकत होतं. अंगठा माझा होता."